पहिल्या बर्फाचा वाडगा

१४ आबान १३४६ (इ.स. १९६७)

तूबामावशी आज शेतात चहाचा समोवार घेऊन बसली. अगदी मधोमध.

इंजिनियर फर्रोखनिया तेहरानहून मोजणीची टेप घेऊन आला होता. पुलापासून टेप निघाली, ती मावशीच्या सतरंजीपाशी अडली. तो डावीकडून गेला, मावशीने सतरंजी डावीकडे सरकवली. उजवीकडून गेला – उजवीकडे!

"आजी, जरा उठता का?"

"उठते की. आधी चहा घ्या."

चहा पितच राहिला बिचारा. पेला रिकामा झाला की मावशी भरायची. टेप शेवटी खिशात गेली.

शाळेच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. मुलींनी गणितं सोडून दिली. मीही फळ्याकडे पाठ करून उभी.

माझा नवरा ईरज मात्र हसला नाही. मावशी त्याची सख्खी, आईची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. आता त्याचं सगळं तिच्याच शेतापाशी अडलंय. खाली पूल, वर अक्रोडाचं झाड, मध्ये मावशीची लसूणघास. आख्ख्या कबूदसरमध्ये दगड नसलेला उतार एवढाच. दोराचे खांब इथूनच जाऊ शकतात. खांब आले तर पाळणे येतील. माणसं बसून वर जातील, बर्फावरून घसरत खाली येतील. आणि पाळण्याचं यंत्र सांभाळायला ईरज. म्हणजे त्याची कोळशाची खाण सुटली.

जेवताना म्हणाला, "नौरोझपर्यंत, नवं वर्ष लागेपर्यंत, वाट बघतो. शेत मिळालं तर ठीक. नाहीतर इस्फहानला पोलादाच्या कारखान्यात जागा आहे. जाऊ दोघंही."

दोघंही! मी मुळ्याला मीठ लावून खाल्लं.

१५ आबान

इस्फहानला जायचं नाही मला.

२ आझर

ईरज गेला. खिंडीपलीकडे, कोळशाच्या खाणीवर. पहिला बर्फ पडला की खिंड बंद होते आणि नौरोझच्या सुमारास, वसंतात, उघडते. लग्न झाल्यापासून एकही हिवाळा आम्ही एका रजईखाली काढलेला नाही. कोर्सीतल्या, त्या रजई टाकलेल्या बुटक्या मेजाखालच्या, निखाऱ्यांनी पाय शेकतात. बाकी मी गारच.

पाठीवर पीठ, मोजे आणि त्या दोन फळ्या. सगळं सुरू झालं ते त्या फळ्यांपासून.

खाणीवर पूर्वी एक परदेशी इंजिनियर होता. सुट्टीच्या दिवशी तो पायाला फळ्या बांधून डोंगरावरून घसरायचा. कामगार आधी हसले, मग शिकले. ईरजने अक्रोडाच्या फळ्या केल्या. जड झाल्या. तुतीच्या केल्या, त्या चालल्या. एका वसंतात तो त्या घेऊन घरी आला आणि मावशीच्या शेतातून घसरत सरळ तिच्या शेळ्यांच्या गोठ्यात शिरला. मावशी दूध काढत होती. मान वर न करता म्हणाली, "दार ठोठावून यायची पद्धत गेली वाटतं."

पुढच्या वर्षी त्याने मोडक्या लॉरीचं इंजिन अक्रोडाखाली बसवलं. चाकाला दोर. दोर धरायचा, वर ओढलं जायचं. हातमोजे फाटायचे, कधी कातडी. हिवाळ्यात ईरज खाणीवर, म्हणून इंजिन मुखिया सफदर चालवायचा. शुक्रवारी तेहरानची पोरं यायला लागली. मग मोटारी. मग घट्ट विजारीतल्या बायका – त्या पाहून गावातल्या बायकांनी आठवडाभर दुसरं काही बोललं नाही, आणि मग त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले. सफदरने तबेल्यात चहाचं दुकान काढलं. घोडा बाहेर, गिऱ्हाईक आत.

मावशीने कधी कुणाला अडवलं नाही. दारात बसून पडणारे बघायची. खुशीत असायची. पण खांब म्हटल्यावर – नाही.

"पाहुणा संध्याकाळी जातो," म्हणाली. "खांब जातो का?"

९ आझर

पहिला बर्फ! आणि माझं तोंड काळं!

तेहरानला शिकत असताना मैत्रिणींना हा खेळ सांगितला तेव्हा त्यांना मी थापा मारतेय असं वाटलं होतं. वर्षाचा पहिला बर्फ वाडग्यात भरायचा, वर रुमाल टाकायचा, कुणाच्या तरी दारात जाऊन 'हे घ्या' म्हणायचं. त्याने न ओळखता हातात घेतला तर तो हरला. आणणारा मागेल ते त्याने द्यायचं. ओळखलं तर आणणाऱ्याच्या तोंडाला काजळी, आणि द्यायचं त्यानेच. असं हरून माझ्या आजोबांनी एक खेचर दिलं होतं. शब्द मोडल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही.

साहजिकच आज सगळं गाव मावशीच्या दारात.

सकाळी सफदर. मुखिया असून रुमाल झाकलेलं ताट घेऊन, चेहरा पाडून उभा. "तूबाबाई, नवसाचा हलवा."

मावशीने ताटाला हात लावला नाही. नुसतं वास घेतल्यासारखं केलं. "नवसाचा हलवा आणि वाफ नाही? देवाने ताटकळत ठेवलं का रे तुला?"

काजळी. मावशीने मागितलं – आख्ख्या गावाला आश, डाळी-पालेभाजीचं कढण, घट्ट, भरपूर शेवया घालून. सफदरने मान डोलावली. मिशी आधीच काळी होती. आता नाकही.

मी दुपारी गेले. साहित्य शिकलेली बाई! युक्तीही तशीच बारीक. किटलीत बर्फ दाबून भरला, वर चहाची रजईची टोपी. वास नाही, वाफ असली-नसली तरी कळणार नाही.

"मावशी, चहा आणलाय तुमच्यासाठी."

तिने माझ्याकडे बघितलं. मग किटलीकडे.

"सूनबाई, या घरात चहा नाही असं तुला कोण म्हणालं?"

झालं. मावशीकडे कुणी कधी चहा नेलाय का? काजळी तिने स्वतः लावली, अगदी प्रेमाने, कानापर्यंत. मागितलं काय – तर मी तिच्या शेजारी बसून भुईमुगाएवढ्या गाठी सुटेपर्यंत लोकर पिंजायची. पिंजली.

निघताना म्हणाली, "ईरजसाठी आली होतीस ना?"

मी हो म्हटलं.

"मग तोंडाने मागायचं होतंस. वाडग्याने नाही."

"तोंडाने मागते. द्याल?"

"नाही."

१३ आझर

आश झाली. सफदरच्या बायकोने शेवया कमी घातल्या. मावशी पळीने ढवळून शोधत होती.

१७ दै

फर्रोखनियाचा निरोप: एकवीस तारखेला कंपनीचा ऑस्ट्रियाचा तज्ज्ञ घेऊन येतोय. कबूदसर की शेजारचं शूराब, ते तो बघून ठरवणार. शूराबवाल्यांनी जमीन देऊ केली आहे. आनंदाने, म्हणे. शूराबवाले आनंदाने काही देतात हे नवीनच.

मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "येऊ देत. जेवू घालीन. मग नाही म्हणीन. उपाशीपोटी माणसाला नाही म्हणू नये."

२१ दै

हात दुखतायत. तरी लिहायलाच हवं.

सकाळी शाळेत आले आणि खिडकीतून पाहिलं. शेत काळं! पुलापासून अक्रोडापर्यंत रस्त्याएवढा रुंद पट्टा, साफ. माती दिसतेय, लसूणघासेचे खुंट दिसतायत. आजूबाजूला कमरेएवढा बर्फ, आणि मध्ये ही झाडून काढलेली वाट. लाकडी फावडी घेऊन आख्खा गाव रांगेत उभा, घामाघूम, समाधानी.

मी धावत गेले.

"हे काय केलंत?"

"पाहुणे चढणार ना वर?" मावशी म्हणाली. "बर्फातून तुडवत येतील? या गावात आजवर पाहुण्याला बर्फ तुडवावा लागलेला नाही."

खरंच आहे ते. पाहुणा येणार म्हटलं की कबूदसरमध्ये पहिलं काम हेच. वाट मोकळी करायची. मावशीने पहाटे आवाज दिला, आणि गावाने फावडी उचलली. कुणाच्या डोक्यात एवढंही आलं नाही की हे पाहुणे बर्फच बघायला येतायत!

रांगेत सफदरही होता.

"सफदरआगा, तुम्हीसुद्धा? पाळणे हवेत म्हणून हलवा घेऊन गेलात तुम्ही!"

त्याने हातातल्या फावड्याकडे पाहिलं. ते कुणी दिलं हे आठवत असल्यासारखं.

"सवय, बाई. पाहुणा म्हटलं, हात चालले."

मग सगळे त्या काळ्या पट्ट्याकडे बघत राहिले. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मावशी नाही हसली. तिचा चेहरा उतरला होता, जसा कधी पाहिला नव्हता. ती पाळण्यांच्या विरुद्ध. शेत कुरूप दिसलं तर तिचं भलंच होतं! पण ती पुटपुटली, "पाहुणा जे बघायला आला तेच घरात नाही?"

आणि ओरडली, "काय बघत उभे? धाब्यावरचा उतरवा!"

तोवर निरोप आला की जीप खालच्या वळणावर रुतली आहे. देवाची कृपा. धाब्यांवरचा बर्फ कालपासून उतरवायचाच होता. चादरींत भरला, गाढवांच्या पाटीत भरला, सफदरच्या दुकानातल्या टेबलांवर लादून घसरत नेला. मुलींना मी शाळा सोडली, त्या आधीच तिथे होत्या. पट्टा पांढरा झाला, पण भुसभुशीत. मावशीने पायाने दाबून पाहिलं.

"हा वारा नेईल. रूळ आणा."

धाब्यावर माती दाबायचा दगडी रूळ – पावसाने घर गळू नये म्हणून प्रत्येकाच्या छपरावर एक असतोच. ते सगळे खाली आले. दोर बांधून माणसांनी ओढले, वरून खाली, खालून वर. मावशी मागून: "हळू! शेळ्या हाकताय का? कडा दाबा, कडा!"

पाहुणे पोचले तेव्हा सगळे दारात उभे होते, जणू काही झालंच नाही. नाकं लाल.

ऑस्ट्रियाचा माणूस उंच, गप्प. अक्रोडापर्यंत चढला, फळ्या बांधल्या आणि खाली आला. एका रेषेत, कुठेही न अडखळता. पुन्हा चढला. पुन्हा आला. मग वाकून हाताने बर्फ चापटून पाहिला. फर्रोखनियाने आम्हाला सांगितलं, "विचारतायत, दाबायचं यंत्र कुठलं?"

सफदरने छाती पुढे काढली. "गावठी आहे. हाताने चालतं."

मग मावशीकडे जेवण. अक्रोड-डाळिंबाच्या रश्शात कोंबडी, भात, खरवड पाहुण्याच्या ताटात. दही तिच्या त्या कडेला टवका उडालेल्या निळ्या वाडग्यात. तज्ज्ञाने वाडगा बोटाने पुसून खाल्ला. मावशीला तो आवडला, दिसत होतं.

चहा झाल्यावर फर्रोखनिया म्हणाला, "आजी, किंमत तुम्हीच सांगा."

मावशीने भिंतीवरच्या नवऱ्याच्या तसबिरीकडे पाहिलं. "जाताना माझा हात धरून म्हणाला – तूबा, शेत विकू नकोस, कुणाला बक्षीस देऊ नकोस. मी हो म्हटलं. तुम्ही असता तर काय म्हणाला असतात?"

फर्रोखनियाने पेला खाली ठेवला.

"म्हणून नाही," मावशी म्हणाली. "अजून भात वाढू का?"

पुलावर निघताना त्याने मला बाजूला घेतलं. तज्ज्ञाला हाच उतार हवाय. नौरोझच्या सुट्टीपर्यंत फर्रोखनिया निर्णय थांबवून धरेल. नंतर शूराब.

२२ दै

रूळ शेतातच. शाळेचं धाबं गळतंय. नकाशातल्या कॅस्पियन समुद्रावर पाणी पडतं, मुलींना मजा वाटते.

११ बहमन

प्रत्येक बर्फानंतर मावशी लोकांना बोलावते आणि शेत दाबून घेते. "पाहुणे कधी येतील सांगता येतं का?" शुक्रवारी येणारे म्हणतात, असा उतार कुठे नाही. तिला सांगितलं की म्हणते, "दगड काढायला माझी कंबर गेली. म्हणून आहे."

आज तिच्या कोर्सीत पाय घालून बसले होते. ती मोजा उसवत होती.

"खरंच जाणार तुम्ही? इस्फहानला?"

"ईरज म्हणतो."

"तिथे बर्फ पडतो?"

"थोडा."

"मग तिथे तो हिवाळ्यात घरी असेल."

"हो."

ती मोजा उसवत राहिली. उसवलेला मोजा नीटच होता, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

५ एस्फंद

ईरजचं काही कळत नाही. खिंड पांढरी. रोज बघते.

२८ एस्फंद

ईरज आला! काल, खिंड उघडायच्या आधी! फळ्यांवर!

मी अंगणात गालिचा झटकत होते. मुली ओरडल्या. वर पाहिलं तर खिंडीच्या पांढऱ्यावर एक ठिपका. खाली येतोय, थांबतोय, येतोय. गाव छपरांवर. अक्रोडापाशी आला, आणि मावशीच्या दाबलेल्या पट्ट्यावर फळ्या लागल्या तशी त्याने दोन्ही हात पसरले. मावशीच्या दारासमोर थांबला. फळ्या काढल्या. दार ठोठावलं.

"आता आली अक्कल," मावशी आतून म्हणाली.

बारीक झालाय. दाढीत कोळसा. खोकतो. रात्री चांगला झोपला.

आज सकाळी विचारलं त्याने, "मावशी?" मी नाही अशी मान हलवली. "बरं," म्हणाला. आणि इस्फहानला नेता येईल अशी ट्रंक शोधायला लागला.

१ फर्वर्दीन १३४७

नौरोझ. आणि बर्फ! लसूणघासेला कोंब आलेत आणि वरून मोठे, ओले, आळशी पापुद्रे.

सकाळी मी झऱ्यावर गेले होते, सणाचा मासा ठेवायच्या भांड्याला ताजं पाणी हवं म्हणून. परत आले तर ईरज दारात, नव्या कोटाखाली काहीतरी धरून. कान लाल.

"काय आहे ते?"

"काही नाही. चल. पहिलं मावशीकडे."

पहिलं मावशीकडे सगळेच जातात, गावात सगळ्यात मोठी ती. खोली भरलेली. सफदर, त्याची बायको, मुलं, मिठाई, अंकुरलेला गहू, मासा. मावशी भिंतीला टेकून, तसबिरीच्या बरोबर खाली.

ईरज पुढे झाला. कोटातून रुमालात बांधलेला वाडगा काढला. "मावशी, नवीन वर्षाचं समनू. मन्सूरेने केलंय."

मी कुठलं समनू केलंय? गव्हाच्या कोंबांची ती खीर ढवळायला आख्खी रात्र जाते.

मी तोंड उघडायच्या आत मावशीने दोन्ही हात पुढे केले आणि वाडगा घेतला. मांडीवर ठेवला. रुमालातून पाणी झिरपत होतं.

सगळे पुढे वाकले.

तिने रुमाल सोडला. पाहिलं. आणि मोठ्याने, दाराशी बसलेल्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाली – "हरले!"

सफदर तोंडातली मिठाई न गिळता: "पण तूबाबाई, पहिला बर्फ तर आझरमध्ये झाला. माझी आश –"

"ते जुनं वर्ष. नव्या वर्षाचा हा पहिला. तू मुखिया आहेस की वकील?"

सफदरने मिठाई गिळली. मग त्याला एकदम उमगलं आणि तो एवढ्या जोरात टाळ्या वाजवायला लागला की मासा भांड्यात सैरावैरा.

"माग," मावशी ईरजला म्हणाली.

त्याने कोटाचं बटण चाचपलं. "शेतातून... खांब."

"हरलेल्याला काय विचारतोस? अक्रोड तोडायचा नाही. शेळ्यांना वाट ठेवायची. बाकी मला काय कळतंय." मग मान वळवून तसबिरीला म्हणाली, "ऐकलंस ना? विकलं नाही. बक्षीस दिलं नाही. हरले."

मी रडले. सफदरची बायको मला धरून रडली, तिला कारण ठाऊक नसताना.

घरी येताना ईरजला म्हटलं, "जिला किटलीच्या टोपीखालचा बर्फ न बघता कळला, तिला हा कसा नाही कळला? रुमाल ओला होता!"

"वय झालं तिचं," ईरज म्हणाला. फार पटकन.

९ फर्वर्दीन

फर्रोखनिया टेप घेऊन आला. पुलापासून निघाला. मावशी शेताच्या कडेला समोवार घेऊन बसली होती. टेपचं दुसरं टोक तिने धरलं.

ट्रंक माळ्यावर गेली.

१४ फर्वर्दीन

सुट्टी संपली. शाळा. ईरज अक्रोडाखाली पहिला खड्डा खणतोय, शीळ घालत.

दुपारी तूबामावशी दारात.

"माझा वाडगा कधी देणार?"

"कुठला वाडगा, मावशी?"

"निळा. टवका उडालेला. नौरोझला सकाळी बर्फ भरून दिला होता ना ईरजला, तो. दही कशात लावू मी?"